सवयीला जागा लागते

सवय म्हणजे ठरावीक जागी, ठरावीक वेळी, फारसा विचार न करता घडणारी कृती. सकाळी चहाचे आधण ठेवणे, घराबाहेर पडताना कुलूप ओढून पाहणे, जेवण झाल्याबरोबर हात तंबाखूच्या डबीकडे जाणे, यांत निर्णय असा जवळजवळ नसतोच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना दर तासाला एक नोंद करायला लावली: या क्षणी काय करत आहात आणि मनात काय चालले आहे? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ४३ टक्के कृती अशा निघाल्या, की त्या जवळजवळ रोज, त्याच जागी आणि मन भलतीकडेच असताना होत होत्या. संकल्प कितीही पक्का असला तरी या कृतींपर्यंत तो पोचत नाही, कारण त्या करताना संकल्पाची आठवणच होत नाही.

मग त्या सुरू कशाने होतात? याचे उत्तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून मिळते. एका चित्रपटगृहात काही प्रेक्षकांना ताजे पॉपकॉर्न, म्हणजे लाह्या, दिले आणि काहींना आठवडाभराचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खाण्याची सवय नव्हती, त्यांनी शिळे कमी खाल्ले. सवयीच्या प्रेक्षकांनी मात्र शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, चव आवडली नाही तरी. तोच पुडा सभेच्या खोलीत हाती दिला, तेव्हा शिळे खाणे कमी झाले. चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितले, तेव्हाही कमी झाले. खाणारी माणसे आवडीनिवडीला बाजूला ठेवून जागेचे ऐकत होती. जागा बदलली किंवा हात अडखळला, की विचार जागा होत होता.

यातून निघणारा धडा सोपा आहे. चांगली सवय लावायची तर मनाला रोज ढकलत बसण्यापेक्षा भोवतालच्या मांडणीवर एकदा नीट मेहनत घ्यावी. ही मेहनत वस्तूंवर असते, वेळापत्रकावर असते आणि माणसांमधल्या करारावरही असते. जालना जिल्ह्यात एका गावाने ती सुमारे अठराशे हेक्टरांवर केली.

कडवंची: माथा ते पायथा

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही मोजक्या दिवसांत. उताराच्या जमिनीवरून पाणी ओढ्याला मिळते आणि जाताना वरची माती घेऊन जाते. जालना तालुक्यातील कडवंची हे अशाच उतारांचे, कोरडवाहू शेतीचे गाव. १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून तेथे काम झाले. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र चालवणाऱ्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने त्याची जबाबदारी घेतली. कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन होते.

कामाचा क्रम ठरलेला होता. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बांध. माथ्यावरचे पाणी मोकळे सोडून खाली बांध घातला, तर पहिल्याच जोराच्या पावसात तो गाळाने भरतो किंवा फुटतो, म्हणून सुरुवात नेहमी माथ्यापासून. या कार्यक्रमात गाव घ्यायचे तर गावालाही अटी होत्या: श्रमदान करायचे, झाडे तोडायची नाहीत, उतारावर गुरे मोकाट सोडायची नाहीत. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली जाते की नाही हे पाहायला गावाचीच पाणलोट समिती असे.

पाणी मुरू लागल्यावर पुढच्या वर्षांत गावात शेकडो शेततळी झाली, ठिबक आले आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. त्या साली कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या.

सवयीच्या दृष्टीने पाहिले तर येथे काय घडले? पाणी अडवण्याचा निश्चय शेतकऱ्याला दर पावसाळ्यात नव्याने करावा लागत नाही. तो एकदा केला, चर आणि बांधांच्या रूपाने जमिनीत घातला, आणि पुढे प्रत्येक सरीबरोबर ते काम आपोआप होते. शेततळ्याने आणखी एक गोष्ट केली. विहिरीचे पाणी जमिनीखाली असते, किती उरले ते पंप उचलेनासा झाल्यावरच कळते. शेततळ्यातील पाणी बांधावर उभे राहिले की दिसते. फेब्रुवारीत पातळी कुठे आहे यावरून उन्हाळ्याचा हिशेब बसवता येतो, आणि डोळ्यांसमोर घटत जाणारे पाणी जपून वापरण्याची सवय आपसूक लागते.

खरपुडीच्या केंद्राने असाच एक बांध वेळेलाही घातला आहे. तेथे कृषी विज्ञान मंडळाचे मासिक चर्चासत्र दर महिन्याच्या पाच तारखेला भरते. तारीख ठरलेली असल्याने या महिन्यात जायचे की नाही, कधी जायचे, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उरत नाही. पाच तारीख आली की खरपुडी.

अंतर कमी, अंतर जास्त

कुर्त लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात एक मुद्दा मांडला होता. माणसाचे वागणे बदलायचे तर त्याला मागून जोर लावण्यापेक्षा पुढचा अडथळा काढणे अधिक उपयोगी पडते. परिसराच्या मांडणीची पहिली रीत हीच. हवी ती गोष्ट जवळ आणि सोपी करायची, नको ती लांब आणि किचकट.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये २०१० साली डॉ. अॅन थॉर्नडाइक यांच्या पुढाकाराने उपाहारगृहात हे करून पाहिले. आधी पदार्थांवर हिरव्या, पिवळ्या, लाल खुणा लावल्या. मग मांडणी बदलली: पाण्याच्या बाटल्या शीतपेयांच्या कपाटात नजरेच्या उंचीवर आणल्या आणि जेवणाच्या काउंटरजवळ टोपल्यांतही ठेवल्या. दुसऱ्या टप्प्यात पाण्याची विक्री सुमारे २६ टक्क्यांनी वाढली आणि गोड पेयांसारख्या लाल खुणेच्या पेयांची आणखी ११ टक्क्यांनी घटली. पेये बंद केली नव्हती, महागही केली नव्हती. फक्त हात पुढे केला की आधी पाणी लागत होते.

घरात हे अंतर वीत-हातात मोजले जाते. फुटाणे-शेंगदाण्यांचा डबा पुढच्या फळीवर आणि फरसाण-बिस्किटे माळ्यावर, एवढ्याने चार वाजताचे खाणे बदलू शकते. मोसंबी फ्रिजच्या तळच्या कप्प्यात पडून सुरकुतते, तीच परडीत घालून ओसरीवर ठेवली की येता-जाता संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. रक्तदाब असलेल्या माणसाच्या घरी मिठाची वाटी आणि लोणच्याची बरणी ताटाजवळ न ठेवता ओट्यावर ठेवली, तर प्रत्येक वेळी उठावे लागते, आणि बहुतेक वेळा कोणी उठत नाही. तेलाचेही तसेच. मोठ्या डब्यातून थेट कढईत ओतलेल्या तेलाचा अंदाज लागत नाही, महिन्याचे तेल मोजून वेगळ्या बरणीत काढले की वीस तारखेलाच बरणी हिशेब सांगते.

मोबाइलच्या बाबतीत अंतराचा उपयोग सर्वांत मोठा. चार्जर उशाशी असेल तर रात्रीची शेवटची आणि सकाळची पहिली कृती कोणती होणार हे ठरून गेलेले असते. चार्जर बाहेरच्या खोलीत आणि उशाशी साधे गजराचे घड्याळ, ही मांडणी एकदाच करावी लागते.

खूण आणि वेळ

दुसरी रीत खुणेची. सवय सुरू होण्यासाठी काहीतरी दिसावे लागते, ऐकू यावे लागते किंवा आधीची एखादी कृती संपावी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की ‘व्यायाम करीन’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा बांधून घेतलेला निश्चय पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. रक्तदाबाची गोळी कपाटात असली तर विसरते. चहा-साखरेच्या डब्याशेजारी, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली तर सकाळचा चहाच तिची आठवण करून देतो.

खूण गावासाठीही उभारता येते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवले: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, तेव्हा घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करतील, मोठी माणसे वाचतील. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन हे सांगितले. एकट्या आईने टीव्ही बंद केला असता तर मुलाने शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन पाहिला असता. गल्लीतले सगळेच टीव्ही बंद झाल्यावर भांडायला कारण उरले नाही.

पैशाच्या सवयीला खुणेइतकीच वेळेची गरज असते. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन किंवा कापूस घालून पट्टी हातात पडते ती बाजारपेठेच्या तोंडावरच. रोकड खिशात घालून गावाकडे निघालेला शेतकरी वाटेत चार दुकाने ओलांडतो आणि घरी पोचल्यावर उरलेले बाजूला टाकू म्हणतो. उरत काही नाही. पट्टीची रक्कम खात्यात जमा करून घेतली आणि त्यातला ठरावीक भाग आवर्ती ठेवीत आपोआप वळता होईल अशी सूचना बँकेला आधीच देऊन ठेवली, तर बचत खर्चाच्या आधी होते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाच्या कामाचा मोठा भाग याच निरीक्षणावर उभा आहे, की माणूस बहुतेक वेळा आधीपासून जे लावून ठेवलेले आहे तेच चालू ठेवतो. त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

हाताशी साधने, बसायला जागा

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात अक्षर कसे असावे हे सांगून समर्थ थांबत नाहीत. बोरू कोणते आणावेत, शाई कशी करून ठेवावी, पोथीसाठी मेणकापड, पेटी आणि कुलूप कशी असावीत, इथपर्यंत ते उतरतात. लिहिण्याची आवड असूनही बोरू तासायला चाकू सापडत नाही आणि शाई वाळलेली आहे, अशा माणसाचे लिहिणे उद्यावर जाते, हे त्यांनी जाणले होते असे दिसते.

आजच्या घरात चाकू-शाईच्या जागी जागेचीच टंचाई आहे. दोन खोल्यांच्या घरात एकीकडे स्वयंपाक, दुसरीकडे टीव्ही आणि पाहुणे, अशात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होत नाही. म्हणून जालन्यासारख्या शहरांत मुले अभ्यासिका लावतात. दरमहा पैसे भरून तेथे मिळते काय? एक खुर्ची, एक टेबल, दिवा आणि शेजारी तितक्याच मुकाट्याने वाचणारा दुसरा मुलगा. पुस्तके ज्याची त्याने आणायची. म्हणजे ही फी शिकवणीची नसून परिसराची आहे, आणि ती भरणाऱ्यांना तिची किंमत पुरती ठाऊक असते. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी घरातला एक कोपरा फक्त अभ्यासाचा ठेवता येतो. त्या जागी जेवायचे नाही, मोबाइल पाहायचा नाही, झोपायचे नाही. काही आठवड्यांनी तिथे बसले की हात आपोआप वहीकडे जातो.

माणसे हाही परिसर

भोवतालच्या वस्तूंपेक्षा भोवतालची माणसे अधिक जोर लावतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांमध्ये हेरॉइनचे व्यसन पसरले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ पासून परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा तेथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले साधारण पाच टक्केच निघाले. मायदेशात ती छावणी नव्हती, ते सोबती नव्हते आणि तो सहज मिळणारा माल नव्हता.

मराठवाड्यात वारकऱ्याची माळ हेच काम वेगळ्या रीतीने करते. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत कोणी दारूचा आग्रह करत नाही, मटणाच्या जेवणाला बोलावत नाही. ‘ते माळकरी आहेत’ एवढे म्हटले की विषय संपतो. माळ घालणाऱ्याला जितकी आठवण देते तितकीच ती समोरच्याला देते, आणि नाही म्हणण्याचे कष्ट वाचवते. शिवाय संध्याकाळचा हरिपाठ आणि सप्ताह यांतून त्याच वाटेवरची माणसे रोज भेटत राहतात.

महिला बचत गटांची घडणही अशीच आहे. बैठकीची तारीख ठरलेली, रक्कम ठरलेली, न येणाऱ्या बाईला दंड, आणि वहीत नोंद सगळ्यांसमोर. घरी डब्यात टाकलेली शंभराची नोट कोणीही मागून नेतो. गटात भरायची नोट आहे म्हटले की नवऱ्यालाही मागता येत नाही.

काही वेळा परिसर कायद्याच्या वाटेने बदलावा लागतो. महाराष्ट्रात दारूदुकान बंद करण्यासाठी मतदानाची तरतूद आहे. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ या चिन्हावर मत दिले, तर परवानाधारक दुकान बंद होते. प्रत्येक दारुड्याचे मन वळवत बसण्यापेक्षा त्याच्या वाटेवरचे दुकान हटवणे बायकांना अधिक खात्रीचे वाटले. दुकान गेले की दारू संपते असे नाही, पण ती लांब जाते.

मांडणी कुठे अपुरी पडते

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले आणि महाराष्ट्रातील गावांत शौचालयांची मोहीम जोरात चालली. पुढे अनेक घरांत असे दिसले, की संडास बांधून झाला, पण त्यात गोवऱ्या आणि सरपण रचले आहे. कारण उघड होते. पाणी अर्धा कोस लांबून डोक्यावर आणायचे, तर ते बादलीभर संडासात कोण ओतणार? वस्तू आली, पण ती वापरण्याची वाट मोकळी झाली नाही. पहाटे हागणदारीवर जाणाऱ्यांना अडवणारी गुड मॉर्निंग पथके तात्पुरता धाक घालत. नळ दारापर्यंत आलेल्या घरात मात्र धाकाशिवायच सवय बदलण्याची शक्यता असते. परिसर बदलताना पूर्ण साखळी पाहावी लागते, हा या अनुभवाचा अर्थ.

दुसरी मर्यादा कष्टांच्या वाटणीची. घरातील डबे, ताटे, तेल, गोळ्या यांची मांडणी बहुधा घरातील बाईच्या हाती असते. सगळ्यांच्या सवयी सुधारण्याचे काम तिच्या एकटीच्या अंगावर टाकले तर ती मांडणी आठवडाभरात विस्कटते. ज्याची सवय बदलायची, त्याने स्वतः डबा उचलून माळ्यावर ठेवला पाहिजे.

तिसरी गोष्ट, मुरलेले व्यसन आणि नैराश्यासारखा आजार केवळ फळी बदलून जात नाहीत. तेथे डॉक्टर आणि समुपदेशक लागतात, मांडणी त्यांच्या उपचारांना साथ देते इतकेच.

सुरुवात आणि देखभाल

मांडणी बदलायला काही काळ अधिक सोयीचे असतात. घर बदलले, नोकरी बदलली, गाव सुटले की जुन्या खुणाही मागे राहतात आणि सवयी सैल होतात. मराठी वर्षात असे दिवस आधीपासूनच आहेत. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते, जूनमध्ये शाळा उघडतात, दिवाळीआधी घरातली प्रत्येक फळी रिकामी करून पुसली जाते. रिकाम्या फळीवर डबे परत मांडताना क्रम बदलायला वेगळा वेळ लागत नाही.

सुरुवात एकाच सवयीपासून करावी. ती कुठे, केव्हा आणि कोणासोबत घडते हे आठवडाभर कागदावर टिपावे. मग कडवंचीप्रमाणे माथ्यापासून काम धरावे. रात्री उशिरापर्यंत जागण्याची सवय मोडायची असेल तर सकाळच्या गजरावर मेहनत घेऊन उपयोग नाही, रात्री दहाला मोबाइल कुठे असतो तिथून सुरुवात करावी लागते.

सवय २१ दिवसांत लागते असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा बारा आठवडे अभ्यास केला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि कृतीनुसार व माणसानुसार हा अवधी १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

म्हणून मांडणीलाही निदान दोन-तीन महिने द्यावेत आणि मग तपासावी. पाणलोटातील चर दर काही वर्षांनी गाळाने भरतात आणि उपसावे लागतात, बांध खचतो तिथे दुरुस्त करावा लागतो. घरातही फरसाणाचा डबा महिन्याभरात पुढच्या फळीवर परत येतो आणि चार्जर पुन्हा उशाशी. तो कोणी आणला याचा वाद घालू नये, उचलून जागेवर ठेवावा. वाचकाने यासाठी मोठा संकल्प करण्याची गरज नाही. आज रात्री झोपण्यापूर्वी घरातली एक वस्तू जवळ आणावी आणि एक लांब ठेवावी, एवढी सुरुवात पुरे आहे.